काट्यावरचं हिरवं बटण

ऑटो भरला आहे, असं तुमसर रोड स्टेशनबाहेर ड्रायव्हर सोडून सगळ्यांना वाटत होतं. रक्षा तर कोपऱ्यात अशी चेपली गेली होती, की मांडीवरचं भलंमोठं खोकं सांभाळावं की स्वतःला, हेच तिला कळेना. ऑटो निघणार एवढ्यात आणखी एकजण धावत आला. "सरका जी थोडं," म्हणाला आणि उत्तराची वाट न पाहता तिच्या शेजारी अर्धा आत, अर्धा बाहेर असा बसलासुद्धा. अंगानं उंच, चेहरा हसरा, आणि केसांत धानाचा कोंडा.

"टीव्ही आहे का?" त्यानं खोक्याकडे बघत विचारलं.

"नाही."

"मंग आरसा असंन. लग्नाचा दिसते. जपून न्या."

"कुणाच्या लग्नाचा?"

"मले काय माहीत? तुमचा आरसा, तुमचं लग्न."

रक्षानं हसू लपवायला मान बाहेर वळवली. कापणी आटोपत आलेली होती. बांधीबांधीत धानाचे भारे पडलेले, आणि सकाळच्या हवेत त्यांचा तो ओलसर गोड वास. या माणसाला गप्प बसता येत नाही, हे तिच्या लगेच लक्षात आलं. आत्याला गाडीत बसवून द्यायला येताना मोटरसायकल पंक्चर झाली, इथपासून सुरुवात करून तो थेट आपल्या मोठ्या दुःखावर आला.

"आज आमच्या राइस मिलमधी एक मॅडम येऊन राहिली नागपूरहून. टच स्क्रीन लावाले. बाबानं गोंदियाले कोनाच्या तरी मिलमधी पाह्यली, तवापासून त्याइच्या डोक्यात तेच भरलं."

"मग वाईट काय आहे त्यात?"

"अवो, काट्यावर मी बसतो ना! माहा माऊस मस्त चालते. आता त्या मॅडमसमोर मले बोटं नाचवा लागंन, बालवाडीतल्या पोरावानी."

"मॅडम कडक असली तर?"

"नागपूरची मॅडम कडकच राहते. डोळ्याले चष्मा राहते. आन् धान झाडाले लागते का जमिनीत, हेही तिले माहीत नसते."

रक्षानं हळूच चष्मा काढला आणि पर्समध्ये टाकला.

ऑटो मिलच्या फाटकाशी थांबला. तो उतरला, तीही उतरली. "तुमीपण इथंच?" तो म्हणाला. रक्षानं पर्समधून चष्मा काढला, नीट पुसला, डोळ्यांवर चढवला आणि खोकं त्याच्या हातात दिलं.

"जरा धरा. मॅडमला जड होतं."

त्याचा चेहरा असा काही उतरला की फाटकावरचा चौकीदारसुद्धा उठून उभा राहिला. त्याचं नाव भूपेंद्र. मिलमालक भय्याजींचा तो धाकटा मुलगा, आणि पुढचे काही दिवस रक्षाला त्याच्याच खोलीत काम करायचं होतं.

ती खोली म्हणजे काट्याची खोली. ट्रॅक्टर ट्रॉलीसकट ज्यावर उभा राहतो तो मोठा वजनकाटा बाहेर, आणि आत खिडकीशी कॉम्प्युटर. भरलेली गाडी मोजायची, धान उतरलं की रिकामी मोजायची, मधला फरक म्हणजे धानाचं वजन. त्याची पर्ची शेतकऱ्याच्या हातात द्यायची. भूपेंद्रचा लाडका माऊस धूळ लागू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला होता, आणि कीबोर्डवरची अक्षरं केव्हाच पुसून गेली होती.

रक्षाची कंपनी छोटी होती. मिलवाल्यांसाठी सॉफ्टवेअर करायची. नोकरीला लागल्यापासून रक्षाच्या वाट्याला आलं होतं ते दुसऱ्यांनी केलेल्या स्क्रीनचे रंग बदलणं. हे पहिलं काम पूर्ण तिचं होतं. सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, तुमसरच्या मिलनं होकार दिला तर टच स्क्रीनचं सगळं काम यापुढे तुझं. नकार दिला तर जुनंच चालू दे आणि तू परत रंगांवर. भय्याजींनी तर त्याहून स्पष्ट सांगितलं. त्यांच्या तोंडात सतत सुपारी-तंबाखूचा खर्रा असे, म्हणून ते कमीच बोलत. "काट्यावर पोट्टा बसते," ते म्हणाले. "सोमवारी तो हो म्हणंन तं हो. नाही म्हणंन तं खोकं वापस."

म्हणजे रक्षाचं सगळं नशीब त्या कोंडा लागलेल्या डोक्यात होतं.

पहिल्या दिवशी तिनं जुनाच प्रोग्रॅम नव्या स्क्रीनवर लावून दिला आणि बाजूला वही न घेता, नुसती हाताची घडी घालून उभी राहिली. भूपेंद्रनं 'जतन' दाबलं, 'रद्द' झालं. पुन्हा दाबलं, पुन्हा रद्द झालं. खिडकीत उभा असलेला ट्रॅक्टरवाला हसायला लागला.

"पाहा! बोट एकीकडं, काम दुसरीकडं!" भूपेंद्र विजयी आवाजात म्हणाला.

"तुमचं काही चुकलं नाही," रक्षा म्हणाली. "हे सगळं माऊससाठी केलेलं आहे. माऊसचं टोक सुईएवढं असतं. बोट जाड असतं, आणि ज्याला दाबायचं त्यालाच ते झाकून टाकतं. शिवाय माऊस एखाद्या बटणावर नुसता नेऊन ठेवला तरी पिवळ्या पट्टीत लिहून येतं, हे बटण कशाचं ते. बोटाला तसं नुसतं जवळ जाऊन थांबता येत नाही. लागलं म्हणजे लागलं."

"म्हणजे माऊस आजूबाजूले घुटमळत राहते... पुसते, हे काय आहे, दाबू का, नोको दाबू..."

"हो."

"आन् बोटाचं तसं नाही. काय ते एकदाच."

"एकदाच."

"मंग मी माऊसच आहो, मॅडम," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. रक्षाचे कान गरम झाले. तिनं उगाचच स्क्रीनची वायर काढून परत लावली.

मग तिनं शेतकऱ्यांच्या अंगठ्यासाठी ठेवलेलं शाईचं पॅड ओढलं, कोरा कागद पसरला आणि म्हणाली, "हात द्या."

"कायले?"

"बटणं केवढी करायची ते बघायचं आहे. कोऱ्या कागदावर अंगठा घेते म्हणून घाबरू नका."

"भेव वाटून राहिलं मले. काय लिवान त्याच्यावर, कोनाले माहीत!"

पण हात दिला त्यानं. मोठा, खरबरीत हात. धान आलं की चिमूटभर तळव्यांवर चोळायचं, दाणा दाताखाली धरून ओल किती आहे ते बघायचं, असं दिवसभर करून बोटांना कोंड्याचा लेप चढलेला. रक्षानं एकेक बोट शाईत टेकवून कागदावर उमटवलं. शेवटी करंगळीही. बटणांसाठी करंगळीची काही गरज नव्हती, हे तिला नंतर आठवलं.

रक्षा तुमसरला मंदाबाई मावशीकडे उतरली होती. सकाळी मिलवर यायची, दिवसभर भूपेंद्र काम कसं करतो ते बघायची, बटणं मोठी करायची, हलवायची, काढून टाकायची. दुपारी भूपेंद्रची आई, शकुनबाई, डबा घेऊन यायच्या. डब्यात पातोडीचा रस्सा असे, आणि सोबत प्रश्न. आईवडील काय करतात, भाऊ किती, स्वयंपाक येतो का. येत नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "नाही येत तं नाही येत. भूपेंद्रले येते." भूपेंद्रला ठसका लागला.

एक दिवस प्रिंटरमध्ये पर्ची अडकली. बाहेर गाड्या खोळंबलेल्या, आत कागद ओढून ओढून रक्षाचा जीव मेटाकुटीला आला, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अगे माय! हे काहून अडकून राहिलं आता?"

भूपेंद्रचा हात हवेतच राहिला. "मॅडम... तुमी कोन्या गावच्या?"

"एकोडीची."

"साकोलीजवळची एकोडी?"

"मंग काय लंडनची?" नागपुरात धुऊन इस्त्री करून ठेवलेली तिची भाषा एकदा चुरगळली ती चुरगळलीच. "आन् धान झाडाले लागते का जमिनीत, ते तुमीच सांगा मले! तलावाच्या खाली आमच्या बांध्या आहेत. रोवण्याले गुडघाभर चिखलात वाकली आहो मी. तुमी वाकले का कधी?"

"मी..." भूपेंद्र म्हणाला, "मी काट्यावर बसतो."

दोघंही इतकं हसले की बाहेरचा ट्रॅक्टरवाला वाकून आत बघायला लागला. त्या दिवसापासून भूपेंद्र तिला मॅडम म्हणायचा, पण ते फक्त लोकांसमोर.

तो आपल्याला आवडतो, हे रक्षानं स्वतःशी कबूल करून टाकलं होतं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. मंदाबाई मावशीनं तर दुसऱ्याच दिवशी ओळखलं होतं. घोळ निराळाच होता. आजकाल भूपेंद्रला सगळंच आवडायला लागलं होतं. बटण डावीकडे नेलं तरी "मस्त!" उजवीकडे नेलं तरी "एक नंबर!" रक्षाला शंका आली. तिनं एका दुपारी 'पर्ची छापा' हे बटण मुगाच्या दाण्याएवढं केलं, तेही पार कोपऱ्यात नेऊन ठेवलं, आणि त्याला दाखवलं.

"कसं वाटतं?"

"झकास!"

"दाबून बघा."

त्यानं दाबलं. लागेना. पुन्हा दाबलं. नखानं दाबलं. मग करंगळीनं दाबत म्हणाला, "होते ना... सवय होऊन जाईन."

"भूपेंद्र, ते मी मुद्दाम बिघडवलं होतं!"

तो ओशाळला. रक्षाला खरोखर राग आला होता. "सोमवारी तुम्ही हो म्हणाल, सर खूश होतील, मीही नागपूरला जाऊन पेढे वाटीन. आणि मग हे दुसऱ्या मिलमध्ये लागेल, तिथं माझ्या तोंडाकडे बघून हो म्हणणारं कुणी नसेल. लोक दोन दिवसांत काढून फेकतील. मला तुमचं कौतुक नको आहे. मला खरं सांगणारा माणूस पाहिजे."

"खरं सांगतलं आन् तुमाले वाईट वाटलं तं?"

"वाटू द्या."

भूपेंद्रनं मान हलवली, पण त्याला ते पटलेलं नव्हतं. ज्या माणसाला आपल्याकडे बघून हसताना बघायचं असतं, त्याला वाईट कसं सांगावं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

शनिवारी शकुनबाईंनी फर्मान काढलं, की नवी मशीन आली आणि पूजा नाही, हे या मिलमध्ये चालायचं नाही. ताट आलं, नारळ आला, अगरबत्त्या लागल्या. स्क्रीन चालूच होती. मधोमध रक्षाचं सगळ्यांत लाडकं बटण होतं, हिरवंगार, तळहाताएवढं: 'गाड्या बोलवा'. मिलच्या आवारात एका वेळी मोजक्याच गाड्या मावायच्या, म्हणून शेतकरी नंबर लावून घरी थांबायचे. हे बटण दाबलं की पुढच्या पाच जणांच्या फोनवर निरोप जायचा, नंबर आला, धान घेऊन या. जुन्या प्रोग्रॅममध्ये ते कुठंतरी खोल दडलेलं असायचं आणि वर "नक्की का?" असं विचारणारी बारीकशी चौकट यायची. बोटानं ती चौकट दाबता येत नाही म्हणून रक्षानं ती काढूनच टाकली होती. स्वतःवर खूशही झाली होती.

"स्क्रीनवर स्वस्तिक काढू ना, बाई? बिघडत तं नाही?" शकुनबाईंनी विचारलं.

"काढा ना काकू. काही होत नाही," रक्षा म्हणाली आणि हात जोडून डोळे मिटून उभी राहिली.

शकुनबाईंनी ओल्या कुंकवानं बरोबर मधोमध ऐसपैस स्वस्तिक काढलं. मग चारी घरांत चार टिक्के दिले. मग खाली बोटं टेकवून आणखी ठिपके दिले, हळदीचे निराळे, कुंकवाचे निराळे. भय्याजी डोळे मिटून, भूपेंद्र बाहेर नारळ फोडण्यात गुंग. आणि बोट टेकेल तसे पाचपाच निरोप बिचारे निमूट निघत होते.

"सांजेलोक पुसू नोका," शकुनबाईंनी बजावलं. सगळ्यांनी प्रसाद खाल्ला.

तासाभरात पहिला ट्रॅक्टर आला. मागोमाग दुसरा. मग फाटकापासून रस्त्यापर्यंत रांग, रस्त्यापासून चौकापर्यंत रांग. ज्यांचा नंबर पुढच्या आठवड्यात होता तेही धान भरून हजर. त्यातच आभाळ काळवंडून आलं, आणि उघड्या ट्रॉल्यांतलं वाळलेलं धान बघून सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

भय्याजींनी खर्रा थुंकला. ही गोष्ट गंभीर आहे, हे त्यावरून मिलमध्ये सगळ्यांना समजलं. "कोनं बोलावलं एवढ्याइले?"

रक्षानं कापडानं स्क्रीन पुसली. स्वस्तिकाखालचं हिरवं बटण दिसलं आणि काय घडलं ते तिला कळलं. तिनं तोंड उघडायच्या आत भूपेंद्र म्हणाला, "मीच दाबलं, बाबा. ध्यान नव्हतं माहं."

भय्याजी त्याला बोलायला सुरुवात करणार, तोच रक्षा पुढे झाली. "त्यांनी नाही दाबलं. पूजेच्या वेळी दाबलं गेलं. काकूंची काही चूक नाही, मीच काढा म्हणाले. एवढं मोठं काम करणारं बटण नुसत्या बोटाच्या स्पर्शानं चालू व्हायला नको होतं. ते मी तसं बनवलं. चूक माझी आहे."

भय्याजींनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "चूक मंग पाहू," ते म्हणाले. "पह्यले धान पाहा."

मग जी धावपळ उडाली ती उडाली. ताडपत्र्या निघाल्या, गोदामाची मागची बाजू मोकळी झाली, शेजारच्या मिलवाल्यानंही आवार उघडून दिलं. रक्षा स्क्रीनशी बसली, भूपेंद्र खिडकीशी. पाऊस आला, पण भुरभुर आला आणि ताडपत्र्यांवर नुसता टपटपून गेला. शकुनबाईंना काय झालं ते कुणी नीट सांगितलंच नव्हतं. त्या प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला चहा देत सांगत होत्या, "पूजा होत नाही तं एवढी गिऱ्हाइकी! गुणाची आहे जी मशीन."

रांग सरता सरता दिवस कलायला आला. ताडपत्रीवरून पाणी निथळत होतं. भूपेंद्रनं चहाचा कप रक्षासमोर ठेवला. तिनं तो घेतला नाही.

"काहून खोटं बोलले तुमी?"

"तुमचं काम हातातून जाईन म्हून."

"मी तुमाले काय सांगतलं होतं?" रक्षा म्हणाली. "मले वाचवू नोका, भूपेंद्र. असं वाचवलं तं मी जलमभर रंगच बदलत राहीन... आन् तुमचं काहीच मले खरं वाटणार नाही. काहीच."

शेवटचं 'काहीच' कशाबद्दल होतं, ते दोघांनाही कळलं. भूपेंद्रनं कप तिच्या आणखी जवळ सरकवला. "बरं," तो म्हणाला. "सोमवारी खरं सांगीन."

रविवारी रक्षानं मावशीच्या ओट्यावर बसून ते हिरवं बटण नव्यानं केलं. आता नुसतं टेकून ते काही करणार नव्हतं. बोट ठेवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढत न्यायचं, तेव्हाच निरोप जायचा. मध्येच सोडलं तर बटण आपलं परत जागेवर. मावशीनं कणकेच्या हातानं, कोपरानं, मांजराच्या पायानं दाबून बघितलं. एकही निरोप गेला नाही.

सोमवारी सकाळी भय्याजी काट्यावर आले. "हो का नाही?"

भूपेंद्रनं रक्षाकडे पाहिलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. मुद्दामच पाहिलं नाही.

"नाही," तो म्हणाला.

भय्याजी स्क्रीनकडे बघायला लागले.

"उजव्या हातात माह्या धानाचा नमुना राहते," भूपेंद्र म्हणाला. "म्हून मी डाव्या हातानं दाबतो. बटणं आहेत उजवीकडं. हात असा आडवा गेला का वजनाचा आकडाच झाकते. आज सकाळी काटा थांबला नव्हता, मले दिसलं नाही, मी दाबून टाकलं. मोहाडीच्या माणसाचं धान कमी लिवलं गेलं. त्यानं टोकलं म्हून समजलं. बाकी सगळं चांगलं आहे, बाबा. पन आज हो म्हणलं तं ते खोटं होईन."

रक्षाला रडू येईल असं वाटलं. आलं नाही. उलट आत कुठंतरी एकदम मोकळं वाटलं. गेले कित्येक दिवस ती त्याच्या शेजारी बसत होती, आणि त्याचा डावा हात तिनं बघितलाच नव्हता. बघितला होता, पण बटणांसाठी नाही.

"मंग खोकं वापस?" भय्याजींनी विचारलं.

"मला गुरुवारपर्यंत वेळ द्या," रक्षा म्हणाली.

भय्याजींनी मुलाकडे पाहिलं. "तिले जमंन," भूपेंद्र म्हणाला. "हे खरं सांगून राहिलो."

ते तीन दिवस रक्षा फारसं बोललीच नाही. ती रागावली आहे, असं समजून भूपेंद्र खिडकीत बसून आवंढे गिळत होता. शकुनबाईंनी डब्यात लाडू आणून बघितले, उपयोग झाला नाही. रक्षाचं आपलं एकच चाललं होतं. वजनाचा आकडा तिनं पार वर नेला, हाताच्या वाटेतून दूर, आणि खिडकीबाहेरच्या शेतकऱ्यालाही वाचता येईल एवढा मोठा केला. बटणं खाली एका रांगेत आणली, डाव्या हातालाही सोपी आणि उजव्यालाही. काटा थरथरत असेल तोवर आकडा राखाडी राहायचा आणि बटण दाबलंच जायचं नाही. थांबला की काळाभोर.

गुरुवारी भूपेंद्रनं दुपारपर्यंत गाड्या मोजल्या. डाव्या हातानं मोजल्या, उजव्या हातानं मोजल्या, हाताला कोंडा लावून मोजल्या. दोन किरकोळ खोड्या काढल्या, रक्षानं तिथंच सुधारल्या. मग भय्याजी आले.

"हो," भूपेंद्र म्हणाला.

"पक्कं?"

"पक्कं."

भय्याजी रक्षाकडे बघून चक्क हसले, खर्रा सांभाळत म्हणाले, "सांग तुह्या सरले," आणि निघून गेले. रक्षाला इतका आनंद झाला की काय करावं सुचेना. तिनं उगाच बटण अर्धं ओढलं आणि सोडून दिलं. ते सुळकन परत गेलं.

"रागावली नाही ना?" भूपेंद्रनं विचारलं.

"रागावले होते. शनिवारी. सोमवारपासून नाही."

"सोमवारी तं मी नाही म्हणलो!"

"म्हणूनच." तिनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "भूपेंद्र, एक विचारू? पण उत्तर सोमवारसारखंच पाहिजे. खरं."

"विचार."

"माझं इथलं काम संपलं. शनिवारी मला सुट्टी असते. दर शनिवारी मी तुमसरला आले... कामाला नाही, अशीच... तर चालेल?"

भूपेंद्र विचारात पडला. अगदी खरोखर विचारात पडला.

"नाही," तो म्हणाला.

रक्षानं पर्स उचलली.

"शनिवारी नाही चालत. शनिवारी गाड्याइची लाइन राहते. तू येऊन बसशीन आन् मी ट्रॅक्टर मोजत राहीन. रविवारी ये."

"असं होय!" तिचा जीव भांड्यात पडला. "मग रविवारी."

"थांब. खरं सांगाचं आहे ना? मंग रविवारचंही खरं नाही." त्यानं हात पँटला पुसले, एकदा, पुन्हा एकदा. "हप्त्यातून एक दिवस मले पुरत नाही, रक्षा. तू मले रोज पायजे. नोकरी कर, नागपूरले जा, गोंदियाले जा, जिथं मिल असंन तिथं जा... पन सांजेले घरी माह्या ये. माह्याशी लग्न करशीन?"

रक्षानं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. डोळे भरून आले होते आणि ओठ हसत होते, दोन्हींचं काही जमेना.

"अवो, सांगा ना जी त्याले काहीतरी!" खिडकीतून आवाज आला. काट्यावर केव्हापासून उभा असलेला ट्रॅक्टरवाला कोपरं टेकवून ऐकत होता. "माही गाडी उभी आहे!"

"हो!" रक्षा म्हणाली. एकोडीच्या तलावापलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली. "हो म्हणून राहिली ना मी! आता त्या काकाची गाडी मोज आधी!"

भूपेंद्रनं गाडी मोजली. ती त्याला दोनदा मोजावी लागली, आणि त्यात स्क्रीनचा काही दोष नव्हता.